घरबसल्या कंटेंटचं काम म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे

खानापूर, निपाणी, बेळगावात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: घरबसल्या कंटेंटचं काम, नुसतं कॉपी-पेस्ट, आधी नोंदणीचे पैसे भरा. यातलं कॉपी-पेस्टही खोटं आणि पैसे भरणंही.

खऱ्या नोकरीत सुरुवातीला लेखकाचा मजकूर वर्डप्रेससारख्या, वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा असतो. उपशीर्षकं लावायची, लिंका तपासायच्या, फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द, द्यायचे. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं, कारण दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. नुसतं ‘फोटो’ लिहिलं तर त्याला काय कळणार? ‘पितळी ताटातला बेळगावी कुंदा’ लिहिलं की चित्र उभं राहतं. दुसऱ्याचा मजकूर परवानगीशिवाय उचलला तर कॉपीराइटचा भंग होतो. शिवाय अशी उचललेली पानं गूगलच्या शोधात मागे पडतात.

नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. सरावासाठी वर्डप्रेस २००३ पासून फुकट आहे. त्यावर स्वतःची दोन-चार पानं करून दाखवा. मराठी आणि कन्नड दोन्ही येत असेल तर अर्जात ठळक लिहा.

कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.