ट्रॅप नेमबाजी (आणि ट्रॅपमधल्या चॅम्पियनची कारकीर्द)

ट्रॅप म्हणजे शॉटगनने हवेत उडणाऱ्या चकत्या फोडायचा ऑलिंपिक खेळ. पुण्यात 'ट्रॅप लावला' म्हटलं की आधी लाचलुचपतवाले आठवतात, आणि शब्द खरंतर तोच आहे, सापळाच, फक्त या सापळ्यात पूर्वी कबुतर असायचं.

उगम : यावर मतं बरीच आहेत. खेळ इंग्लंडमधला, १८व्या शतकाच्या उत्तरार्धातला, इथपर्यंत साधारण एकमत. १७९३ च्या एका इंग्लिश क्रीडा मासिकात तो आधीच चांगला रुळल्यासारखा उल्लेख येतो, त्यामुळे सुरुवात त्याच्या बरीच आधीची धरणं बरं. एक गट म्हणतो की जमिनीत खळगा करून त्यात कबुतर ठेवायचे, वर जुनी हॅट झाकायचे आणि दोरीने हॅट ओढली की पाखरू उडायचं, तेच मूळ. दुसरा गट दोरीने उघडणाऱ्या पेटीला मूळ मानतो. हॅटची गोष्ट सांगायला मजेदार आहे, पण पेटीचं मत जास्त पटतं, कारण ट्रॅप हे नाव त्यातून सरळ लागतं. चकती सोडायला नेमबाज देतो ती 'पुल' (ओढ) ही आरोळी मात्र दोन्हीत बसते, दोरी दोन्हीकडे आहेच. चकतीला आजही 'बर्ड' म्हणतात तेही तिथूनच आलेलं.

जिवंत पाखराऐवजी काचेचे गोळे उडवायची कल्पना अमेरिकेत १८६६ च्या सुमारास आली, श्रेय सहसा बोस्टनच्या चार्ल्स पोर्टलॉकला देतात. मातीची चकती १८८० च्या आसपास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्कीची. पाण्यावर टप्पे खात जाणारे शिंपले फेकणारी पोरं बघून त्याला ते सुचलं असं सांगतात, अशा गोष्टी शोध लागल्यावर तयार होतात त्यामुळे ती जपूनच घ्यावी. आता चकती मातीची नसतेच, डांबरासारखं पिच आणि चुनखडीची भुकटी यांची असते, नाव तेवढं 'क्ले' राहिलंय. १९०० च्या पॅरिसमध्ये जिवंत कबुतरांवरही स्पर्धा झाली, बेल्जियमच्या लेऑन द लुंडेनने २१ पाडली. ती ऑलिंपिक स्पर्धा धरायची की जत्रेतला कार्यक्रम यावर इतिहासकार अजून भांडतात, न धरणाऱ्यांची बाजू थोडी जड वाटते.

रचना : नेमबाज उभे राहतात त्या रेषेपुढे १५ मीटरवर जमिनीत बंकर, त्यात तीन-तीनच्या पाच गटांत १५ यंत्रं. उभं राहायच्या जागा पाच. प्रत्येक जागेसमोरच्या तीनपैकी कुठलं यंत्र सुटणार ते नेमबाजाला माहीत नसतं, आवाज दिला की मायक्रोफोन तो पकडतो आणि क्ले सुटते. चकती ११० मिमी व्यासाची, १०५ ग्रॅमची, साधारण ७६ मीटरपर्यंत जाईल अशी सोडतात आणि डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत वळू शकते. पण २५ च्या राउंडमध्ये प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ सरळ येतात, म्हणजे नशीब सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं, फक्त क्रम उलटसुलट. बंदूक १२ बोअर, बहुतेक एकावर एक नळीची, काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे. पात्रता फेरीत १२५ क्ले आणि प्रत्येकीला दोन बार मिळतात, फायनलमध्ये एकच. फुटली तर हिट, तुकडा उडालेला दिसला तरी पुरतं, नाहीतर रेफरी 'लॉस्ट' म्हणतो.

कारकीर्द : ट्रॅपवाला लवकर म्हातारा होत नाही. बिकानेरचे कर्णी सिंग १९६० ते १९८० मध्ये पाच ऑलिंपिक खेळले (१९७६ चं सोडून), १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत रौप्य घेतलं, आणि यातलं बहुतेक १९५२ ते १९७७ लोकसभेत खासदार राहून, शेवटच्या ऑलिंपिकला वय ५६. रणधीर सिंग पाचदा ऑलिंपिकला गेले आणि १९७८ च्या बँकॉक आशियाईत त्यांनी सोनं जिंकलं. मानवजित सिंग संधू २००६ ला झाग्रेबमध्ये विश्वविजेते, ऑलिंपिक चार. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पृथ्वीराज तोंडाइमान, कायनन चेनाय, झोरावर सिंग संधू या तिघांनी टीमचं सोनं आणलं. बायकांसाठी ऑलिंपिक ट्रॅप वेगळा झाला तो २००० पासून, आपल्याकडून २०१२ ला शगुन चौधरी पहिली गेली आणि २०२४ ला श्रेयसी सिंग व राजेश्वरी कुमारी. राजेश्वरी रणधीर सिंगांची मुलगी, मानवजितचे वडीलही ट्रॅपवालेच. हा योगायोग नाही, घरी आधीपासून बंदूक, परवाना आणि मोकळी जमीन असली की सुरुवात सोपी जाते. राज्यवर्धन राठोडांचं २००४ चं रौप्य डबल ट्रॅपमधलं (त्यात एकदम दोन चकत्या सुटतात), ते ट्रॅपमध्ये मोजू नये, पेपरवाले मोजतात.

पुणे : पुणं रायफल-पिस्तूलवाल्यांचं. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात सराव करून स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, तेही ५० मीटर रायफलचं. कारण साधं आहे, ठराविक क्षमतेखालच्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि १० मीटरची रेंज एखाद्या हॉलमध्येही बसते. ट्रॅपचे छर्रे दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतात, तेवढी रिकामी जागा बाणेर-बालेवाडीत आता बिल्डर ठेवेल का. गंमत म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आणि तिथे १२ बोअरची काडतुसंही बनत आलीत, पण स्पर्धेतले बहुतेक लोक इम्पोर्टेड काडतूसच वापरतात. एका १२५ च्या पात्रता फेरीला तशी २५० पर्यंत लागू शकतात, सरावाची वेगळी.