ग्रीन्स्टेड चर्च

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील एक प्राचीन पॅरिश चर्च. चिपिंग ऑंगर या गावाच्या पश्चिमेस असून सेंट अँड्रू याच्या नावाने ओळखले जाते. जगात आज उभ्या असलेल्या लाकडी चर्चमध्ये हे सर्वांत जुने, असे सामान्यतः मानतात.

मुख्य दालनाच्या भिंती ओकची खोडे उभी चिरून, एकास एक लावून केलेल्या आहेत. खोडांची गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या बसवल्यामुळे वारा-पाऊस आत येत नाही. नॉर्वेतील स्टेव्ह चर्चशी (उभ्या लाकडांची मध्ययुगीन चर्च) याची तुलना नेहमी होते. मात्र तेथील उंच चौकटीची रचना येथे नाही.

कालनिश्चितीबाबत मतभेद झाले. १९६० च्या सुमारास खोडांच्या वृक्षवलयांवरून इ. स. ८४५ हा काळ सुचवला गेला आणि तो अनेक ग्रंथांत रूढ झाला. १९९० नंतरच्या दशकात वलये पुन्हा मोजली, तेव्हा मध्यकाष्ठाचे (खोडाच्या आतील टणक लाकडाचे) शेवटचे वलय १०५३ चे निघाले. त्याबाहेरील रसकाष्ठ (सालीलगतचे मऊ लाकूड) नष्ट झालेले असल्याने त्याची १० ते ५५ वर्षे मिळवावी लागतात. म्हणजे झाडे १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडली असावीत. त्यामुळे वास्तू सॅक्सन (१०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीची) की नॉर्मन (त्यानंतरची), हा वाद केवळ लाकडावरून मिटत नाही. सॅक्सन सुतारकामाची पद्धत नॉर्मन विजयानंतरही चालू राहिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९६० च्या उत्खननात वेदीकक्षाखाली (चर्चच्या वेदी असलेल्या पूर्वेकडील भागाखाली) आधीच्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा आढळल्या. त्या सहाव्या-सातव्या शतकांतील असाव्यात, असा तर्क आहे.

डेन लोकांनी ८६९ मध्ये ठार केलेल्या ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याचा देह १०१३ मध्ये लंडनहून बरी (बरी सेंट एडमंड्स) येथील मठात परत नेताना ऑंगरजवळच्या लाकडी प्रार्थनास्थळी ठेवला होता, असा उल्लेख त्या मठाच्या नोंदींत येतो. ते स्थळ हेच, अशी परंपरा आहे. ती मान्य केली तरी आजच्या भिंती त्यानंतरच्या ठरतात.

विटांचा वेदीकक्ष सुमारे १५०० चा आहे. पश्चिमेच्या मनोऱ्याला फळ्या जडवलेल्या आहेत. १८४८–४९ च्या जीर्णोद्धारात खोडांची कुजलेली टोके कापून ती विटांच्या पायावर बसवली. त्याने इमारत वाचली. पण खोडांची मूळ उंची आणि जमिनीशी त्यांचा असलेला जोड हा पुरावा कायमचा गेला.

शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेल्या टॉलपडल (डॉर्सेट परगण्यातील गाव) येथील सहा जणांपैकी काही जण सुटकेनंतर येथे कुळे म्हणून राहिले. त्यांतील जेम्स ब्राइन याचा विवाह टॉमस स्टँडफील्ड याच्या मुलीशी १८३९ मध्ये याच चर्चमध्ये झाला. पुढे ही कुटुंबे कॅनडात स्थायिक झाली.