दस्तऐवजीकरण अनुदान (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा) सॉफ्टवेअर प्रकल्पाची माहितीपाने, बोलीत 'डॉक्स', सुधारण्यासाठी काम आणि मुदत ठरवून लेखकाला दिलेला मोबदला. गूगलच्या 'सीझन ऑफ डॉक्स'मध्ये (2019) आधी मानधन थेट लेखकाला मिळे; 2021पासून अनुदान प्रकल्पाला मिळू लागले आणि लेखक नेमणेही त्याच्याच गळ्यात आले. भारतात झिरोधा या शेअर दलाली कंपनीचा फ्लॉस फंड (2024) वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम प्रकल्पांना देतो, मात्र तो खास डॉक्ससाठी नाही.

आधी पाहणी करावी. नवख्या माणसाला कोऱ्या संगणकावर, फक्त पान वाचून, इन्स्टॉल करायला बसवावे आणि तो अडेल ती ओळ टिपावी. पॅकेजचे (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअर-संचाचे) नाव बदललेले असते, किंवा 'कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) बदला' एवढेच लिहिलेले असते; ती फाइल कुठल्या फोल्डरात, याचा पत्ता नसतो.

करारात 'डॉक्स सुधारणे' असे मोघम लिहिले की भांडण ठरलेलेच. पाने मोजून लिहावीत: इन्स्टॉलेशनचे 1, पहिल्या धड्याचे 1, संदर्भाची 6. पाहणीनंतर 20 टक्के, मसुद्यावर 40 आणि पाने मुख्य शाखेत मर्ज झाल्यावर (प्रकल्पाच्या अधिकृत प्रतीत सामील झाल्यावर) 40 अशी वाटणी सोयीची. खरी गाडी अडते ती मेंटेनरपाशी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या आणि बदल तपासून स्वीकारणाऱ्यापाशी. तो फुकट राबत असतो, पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याची लेखकाची विनंती) आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि लेखकाचा शेवटचा हप्ता लटकतो. म्हणून तपासणीच्या वेळेचेही पैसे अनुदानातच धरावेत, आणि 10 दिवसांत शेरा न आल्यास हप्ता देय, ही अट घालावी.

गोव्यात घरून काम करणाऱ्या लेखकाने परदेशी प्रकल्पाचे पैसे सेवेचे शुल्क म्हणून, बिल देऊन घ्यावेत. संस्थेने तेच देणगी म्हणून घेतले तर विदेशी योगदान (नियमन) कायदा, 2010 आड येतो.

भाषांतराचे काम असेल तर आणखी एक गुंता. 1987च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीही चालते. लिपी एकच, म्हणून एकीची फाइल दुसरीच्या भाषा-कोडखाली (भाषा ओळखण्याच्या लघुखुणेखाली) चढते: मराठीचा 'एमआर', कोंकणीचा 'केओके', गोव्याच्या कोंकणीचा 'जीओएम'. शिवाय मेनू इंग्रजीतच असताना पान मराठीत केले, तर फोंड्याच्या शाळेतला मुलगा पडद्यावर 'जतन करा' शोधत बसतो. तिथे असते 'सेव्ह'. अशा वेळी बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवावीत, मराठी अर्थ त्याच ओळीत पुढे द्यावा.