काचेमागचा सदरा: पवित्र अवशेष की ऐतिहासिक वस्तू?

तुरुंगात डांबलेल्या एखाद्या ख्रिस्ती पुढाऱ्याचा क्रूस, कपडा किंवा पुस्तक काचेमागे दिसलं की लोक त्याला सरसकट ‘रेलिक’ म्हणून मोकळे होतात. पण कॅथलिक चर्च ज्याला पवित्र अवशेष मानतं ती गोष्ट वेगळी आणि इतिहासाचा पुरावा म्हणून जपलेली वस्तू वेगळी. एकाच कैद्याच्या दोन वस्तू या दोन वाटांनी गेल्या, त्यांच्यावरून हे चटकन लक्षात येतं.

थॉमस मोर हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राजाचे एक प्रमुख मंत्री. धर्मगुरू नव्हेत, संसारी गृहस्थ. राजा आठव्या हेन्रीने ठरवलेल्या वारसाहक्काची शपथ त्यांनी नाकारली आणि एप्रिल १५३४ मध्ये त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात झाली. ६ जुलै १५३५ ला त्यांचा शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी त्यांनी आपला केसांचा सदरा मुलीकडे, मार्गारेटकडे पाठवून दिला. प्रायश्चित्त म्हणून अंगालगत घालायचा हा खरखरीत, टोचणारा कपडा. तो ते गुपचूप वापरत, आणि धुवायचं काम मार्गारेटकडे होतं. आज हा सदरा इंग्लंडमध्येच, डेव्हनमधल्या बकफास्ट मठात आहे आणि भाविक त्यापुढे प्रार्थना करतात. मोर १९३५ मध्ये संत घोषित झाले, म्हणून हा अवशेष.

दुसरी वस्तू त्यांचं छापील प्रार्थनापुस्तक. ते अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात आहे. मजकूर लॅटिन, पण पानांच्या वरच्या-खालच्या कोऱ्या जागेत मोर यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत प्रार्थना लिहिली आहे: जगाला कवडीमोल मानण्याची कृपा मला दे, अशी तिची सुरुवात. स्तोत्रांच्या कडेला बारीक टिपणं आहेत, आणि त्यांत ‘भुतं’ या अर्थाचा लॅटिन शब्द पुन्हा पुन्हा येतो. मरणाच्या छायेतला माणूस कोणत्या ओळीवर थबकत होता, ते इथे वाचता येतं. सदऱ्याचं तसं नाही; त्यात वाचण्यासारखं काही नाही. तो संताच्या अंगाला लागलेला होता, एवढं पुरतं.

नियमांच्या हिशेबाने पुस्तकही अवशेष ठरू शकलं असतं. संताने वापरलेलीच वस्तू ती. पण ग्रंथालय ते अभ्यासकापुढे ठेवतं, वेदीवर नाही. खरा फरक असतो तो वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि लोक तिच्याजवळ कशासाठी जातात यात. अवशेषाला चर्चचा कायदा लागू होतो. कलम ११९० प्रमाणे त्याची विक्री साफ निषिद्ध आहे. जुन्या वर्गवारीत देह पहिल्या श्रेणीत, वापरातल्या वस्तू दुसऱ्या आणि अवशेषाला टेकवलेल्या वस्तू तिसऱ्या श्रेणीत असत. व्हॅटिकनने २०१७ मध्ये ‘महत्त्वाचे’ आणि ‘कमी महत्त्वाचे’ असे दोनच गट केले, आणि वापरातल्या वस्तू दुसऱ्या गटात गेल्या. मोर यांचा सदरा ‘कमी महत्त्वाचा’! कागदोपत्री भाषा कधीकधी अशी निर्विकार असते.

दोन्हींच्या मध्ये अडकलेली वस्तूही असते. व्हिएतनामचे आर्चबिशप न्ग्वेन व्हान थुआन १९७५ मध्ये पकडले गेले आणि १३ वर्षं कैदेत राहिले. त्यातली ९ एकांतवासात. कैदेत असताना त्यांनी लाकडाचा छोटा क्रूस कोरला आणि साबणाच्या वडीत लपवून ठेवला. पुढे त्यांनी पहारेकऱ्याकडे विजेच्या तारेचा तुकडा मागितला. तारेने कैदी जीव देतात म्हणून तो घाबरला, पण शेवटी पक्कड घेऊन आला आणि दोघांनी मिळून क्रूसासाठी साखळी केली. सुटकेनंतर थुआन तो क्रूस गळ्यात घालत, कार्डिनल झाल्यावरही.

२००२ मध्ये ते वारले. २०१७ मध्ये चर्चने त्यांना ‘वंदनीय’ म्हटलं, पण ती संतपदाच्या वाटेवरची आधीची पायरी. त्यामुळे हा क्रूस अवशेष म्हणून सार्वजनिक पूजेला ठेवता येत नाही. कुणी मनोमन हात जोडले तर आडकाठी नाही. पुढे ‘धन्य’ ही त्यानंतरची पायरी जाहीर झाली, तर याच लाकडाला मोहोरबंद पेटी आणि चर्चचं प्रमाणपत्र लागेल.