जुन्या काव्यसंग्रहाची मालकीपरंपरा (बडोदे)

एखाद्या पुस्तकाची एक ठरावीक प्रत छापल्यापासून आजवर कोणाकोणाकडे होती, हे तिच्यावरील सह्या, शिक्के, चिठ्ठ्या आणि बांधणी यांवरून शोधण्याची पद्धत. काव्यसंग्रह विकत घेण्याइतकेच भेट म्हणून दिले-घेतले जात, त्यामुळे त्यांच्यावर हस्ताक्षरे भरपूर सापडतात.

बडोद्यात या कामाला विशेष वाव आहे. चंद्रशेखर (१८७१–१९३७) हे इथले राजकवी. माधव जूलियन यांचा जन्मही इथलाच (१८९४). सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाच्या मदतीने संस्थानात वाचनालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या साठ्यात महाराजांच्या खाजगी संग्रहाचीही भर होती.

पाहणी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूपासून सुरू करावी. पुढे कोरी पाने, शीर्षकपृष्ठाच्या दोन्ही बाजू आणि शेवटचे पान पाहावे. वाचनालये आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात. त्याला ‘गुप्त पान’ म्हणतात. पुढची पाने फाडलेली असली तरी तो शिक्का टिकतो, म्हणून पुस्तक पानन्‌पान चाळावे. खोडरबराने पुसलेले पेन्सिलीचे नाव वाचण्यासाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरावा. दाबून लिहिल्याचे चर त्यात उठून दिसतात. फिकी पडलेली लोहयुक्त काळी शाई ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली गडद दिसते. पान ओले करणे, चिकटपट्टी लावणे किंवा शाई ‘उजळवणारे’ रसायन वापरणे हे तिन्ही वर्ज्य. रबरी शिक्क्याची जांभळी शाई पाण्याचा थेंब लागताच पसरते आणि मग क्रमांक कायमचा जातो.

काळ ठरवायला शिक्के उपयोगी पडतात. किंमत ‘न. पै.’त (नवे पैसे) असेल तर शिक्का १ एप्रिल १९५७ नंतरचा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इंग्रजी शिक्क्यावर ‘बरोडा’ऐवजी ‘वडोदरा’ असेल तर बहुधा १९७४ च्या नामांतरानंतरचा. मराठी शिक्क्याला मात्र ही कसोटी लावू नये, कारण पुष्कळ मराठी माणसे आजही ‘बडोदे’ किंवा ‘बडोदा’च लिहितात. हाताने लिहिलेल्या तारखेत शक असल्यास ७८ मिळवावेत. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. गुजराती पद्धतीच्या विक्रम संवतातून ५६ वजा करावेत. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७. एकाच कुटुंबात दोन्ही गणना वापरात असत, म्हणून नुसता आकडा पाहून इसवी सन काढू नये.

सर्वांत जास्त चुका नावे वाचताना होतात. जुन्या सह्या पुष्कळदा मोडीत असतात. ‘ग. वि. जोशी’ एवढ्यावरून माणूस ठरत नाही, कारण ‘वि.’ वडिलांच्या नावाचा असतो आणि तीच आद्याक्षरे चुलत घराण्यातही सापडतात. स्त्रियांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. लग्नानंतर आडनावाबरोबर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदले. पहिल्या पानावरची ‘कु.’ आणि खालची ‘सौ.’ या दोन मालकिणी धरल्या जातात, प्रत्यक्षात ती एकच बाई असू शकते. अक्षराचे वळण, विशेषतः ‘ल’, ‘श’ आणि शिरोरेघेची सुरुवात, जुळवून पाहावे. असे नाव सोडून दिले तर घरातली खरी वाचकच परंपरेतून गळते.

‘सप्रेम भेट’ म्हणजे देणारा आणि घेणारा असे दोन दुवे मिळतात. ‘अभिप्रायार्थ’ लिहिलेली प्रत कवीकडून किंवा प्रकाशकाकडून थेट परीक्षकाकडे गेलेली असते. बक्षिसाच्या चिठ्ठीवर शाळा, इयत्ता आणि वर्ष मिळते.

नाव हाती आल्यावर कागदपत्रे पाहावीत. संस्थानी नोकरांच्या नेमणुका आणि बदल्यांसाठी बडोद्याची ‘आज्ञापत्रिका’ (संस्थानचे सरकारी राजपत्र) चाळावी. वाचनालयाचा दाखल क्रमांक मिळाला तर दाखल नोंदवहीची प्रत मागावी. त्यात तारीख, किंमत आणि पुस्तक विकत घेतले की देणगीत आले, हे असते. देणगीदाराचे नाव हा शोधातला सर्वांत भक्कम दुवा. नव्याने बांधलेल्या प्रतीत मात्र बाइंडरने कडा कापताना समासातले नाव अर्धे छाटलेले असते, कोरी पानेही बदललेली असतात. तिथे परंपरा तुटली असे स्पष्ट लिहावे.

नोंदीत प्रत्येक दुव्यापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘तर्क’ लिहावे आणि त्या पानाचे छायाचित्र मोजपट्टीसह जोडावे. वाचनालयाचा शिक्का आहे पण ‘रद्द’चा नाही, अशी प्रत रद्दीवाल्याकडून रीतसर विकत घेतली असली तरी आधी त्या वाचनालयाला कळवावे.