जुनाट पाठदुखी आणि सजगतेचे ध्यान

पाठीचे किंवा कमरेचे दुखणे आयुष्यात एकदाही अनुभवले नाही असा माणूस विरळाच. बहुतेकांचे हे दुखणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. काहींचे मात्र ठाण मांडून बसते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला अंदाज आहे. माणसाला कामापासून आणि हालचालीपासून दूर ठेवणाऱ्या विकारांमध्ये जगात पहिला क्रमांक याच दुखण्याचा लागतो. अशा आजारावर सजगतेच्या ध्यानाने, म्हणजे डोळे मिटून बसून शरीरात आणि मनात जे घडते ते न बदलता पाहण्याने, काही फरक पडत असेल, ही कल्पना अनेकांना पटत नाही. ती तपासून पाहण्याइतका पुरावा मात्र आता आपल्या हाती आहे.

जुनाट कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये दुखण्याचे एकच एक, बोट ठेवून दाखवता येईल असे कारण सापडत नाही. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली चकती झिजलेली किंवा फुगलेली दिसली की कारण सापडले असे वाटते. पण ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांमध्येही हेच बदल दिसतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेदना नसलेल्या ३,११० लोकांच्या प्रतिमांचा एकत्रित विचार करण्यात आला. त्यांपैकी विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या होत्या. चकतीची झीज अजिबात महत्त्वाची नाही, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिमेत दिसणारा बदल आणि माणसाला होणारा त्रास यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, एवढेच यातून कळते.

हे नाते सरळ का नाही, याचे उत्तर वेदनेच्या घडणीत आहे. पाठीतील स्नायू, सांधे आणि अस्थिबंध यांच्याकडून निघालेले संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जातात. पण वाटेतच ते मंदावता किंवा वाढवता येतात आणि त्यासाठी मेंदूकडून खाली येणारे संदेशही कारणीभूत ठरतात. मज्जारज्जूतील अशा नियंत्रणाची कल्पना मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. तिचे तपशील पुढे बदलले, तरी गाभा टिकून राहिला. वेदनेचे संदेश मेंदूत पोहोचल्यावर त्यांची तीव्रता एका अंगाने जाणवते आणि त्यांचा त्रास, म्हणजे नकोसेपणा, दुसऱ्या अंगाने. या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून चालतात, पण त्या एकच नव्हेत. जुनाट दुखण्यात त्यांत आणखी भर पडते. ‘आता हे कधीच बरे होणार नाही’, ‘वाकलो तर मणका जाईल’ अशा विचारांमुळे माणूस हालचाल टाळू लागतो, न हालल्याने स्नायू दुबळे होतात, झोप बिघडते, मन खचते आणि सतत सावध राहिलेली चेतासंस्था किरकोळ संदेशही धोक्याचे म्हणून वाचू लागते. मूळ इजा भरून आली तरी हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहू शकते. सजगतेचे ध्यान हात घालते ते या चक्रात. झिजलेल्या चकतीवर ते काहीही करत नाही.

आज रुग्णालयांमध्ये शिकवल्या जाणाऱ्या सजगता-आधारित तणाव-निवारण कार्यक्रमाची सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी केली. बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धती आणि हठयोगातील सौम्य आसने यांचा त्यांनी आधार घेतला आणि कोणत्याही धार्मिक चौकटीशिवाय, इतर उपचारांनी बरे न वाटलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम आखला. सध्याच्या रूपात तो आठ आठवड्यांचा असतो. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा गटवर्ग, मध्ये एक दिवसभराचे मौन सत्र आणि घरी रोज साधारण पाऊण तास सराव, असे त्याचे स्वरूप आहे. शरीरनिरीक्षण हा त्यातील एक मुख्य सराव. आडवे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचे आणि तेथे जे जाणवते ते बदलण्याचा प्रयत्न न करता पाहायचे. कंबरेपाशी आल्यावर बहुतेकांचे लक्ष तेथून पळ काढते किंवा तेथेच अडकून बसते. त्या क्षणी ‘दुखते आहे’ या एका ठोकळ शब्दाऐवजी नेमके काय आहे ते पाहायला शिकवले जाते: जळजळ आहे की ओढ, ती सलग आहे की येते-जाते, तिच्या कडा कोठे संपतात आणि तिच्याबरोबर कोणता विचार उठतो. संवेदना आणि तिच्यावरची टिप्पणी या दोन वेगळ्या घटना आहेत हे ऐकून कळत नाही; पुनःपुन्हा पाहिल्याने हळूहळू अनुभवास येते. माझ्या मते या उपचाराचे सारे मर्म याच ठिकाणी आहे. वेदनेपासून लक्ष दुसरीकडे वळवणे ही याच्या अगदी उलट गोष्ट आहे.

याचा उपयोग किती होतो? कबाट-झिन यांनी १९८२ साली जुनाट वेदनेच्या ५१ रुग्णांचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले होते, परंतु त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. काळासोबत होणारी नैसर्गिक सुधारणा आणि उपचाराचा परिणाम वेगळे काढायचे तर तो गट लागतोच. तशी भक्कम चाचणी अमेरिकेतील सिॲटल येथे झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखी असलेल्या २० ते ७० वर्षे वयाच्या ३४२ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला सजगतेचा कार्यक्रम, दुसऱ्याला विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा सीबीटी हा मानसोपचार, तर तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार मिळाले. २६ आठवड्यांनंतर दैनंदिन हालचालींमध्ये ठळक सुधारणा सजगता गटातील सुमारे ६१ टक्के, सीबीटी गटातील ५८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातील ४४ टक्के लोकांमध्ये दिसली. दुखण्याच्या त्रासात ठळक घट होणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४४, ४५ आणि २७ टक्के होते.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. काहीही वेगळे न करणाऱ्या गटातही बरेच लोक सुधारले, म्हणून ६१ टक्क्यांचे सगळे श्रेय ध्यानाला देता येत नाही. खरा फरक ६१ आणि ४४ या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. सजगता गटातील जेमतेम निम्म्या लोकांनी आठांपैकी किमान सहा वर्गांना हजेरी लावली. सुमारे २९ टक्क्यांनी काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले, त्यात बहुतांशी योगासनांमुळे तात्पुरते वाढलेले दुखणे होते. वर्षभरानंतर सजगता गटाचा फायदा टिकून होता, पण दोन वर्षांनी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्यात अर्थपूर्ण फरक उरला नव्हता. २०१७ सालच्या एका एकत्रित विश्लेषणाने सात चाचण्यांमधील ८६४ रुग्णांचा विचार केला. त्यातही अल्पकालीन फायदा दिसला, पण तो दीर्घकाळ टिकतो असे दिसले नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट कंबरदुखीत औषधांआधी करून पाहावेत अशा उपचारांमध्ये व्यायामासोबत सजगतेचाही समावेश केला. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण फायदा माफक असला तरी धोका त्याहून कमी आहे, आणि दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामकांबद्दल तसे म्हणता येत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अफूजन्य वेदनाशामके घेऊनही बरे न वाटलेल्या ७७० रुग्णांना सजगता किंवा सीबीटी यांपैकी एक उपचार देण्यात आला, तेव्हा दोन्ही गटांत वर्षभरापर्यंत माफक सुधारणा दिसून आली. दोन इतक्या वेगळ्या पद्धती जवळजवळ सारखाच परिणाम का देतात, हा प्रश्न मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. वेदनेविषयीचे भयंकर कल्पनाचित्र विरणे आणि ‘मी हे हाताळू शकतो’ हा विश्वास वाढणे, हा दोघींतला समान धागा असावा.

मेंदूत काय घडते याचाही शोध सुरू आहे. फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १५ निरोगी स्वयंसेवकांना चार दिवस ध्यान शिकवले आणि त्वचेला ४९ अंश सेल्सियसचा चटका देऊन त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. ध्यान करताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी आणि तिचा नकोसेपणा ५७ टक्क्यांनी कमी नोंदवला गेला. पुढे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामकांचा मार्ग रोखणारे नॅलोक्सोन हे औषध देऊनही ध्यानाचा परिणाम पुसला गेला नाही, यावरून हा परिणाम केवळ त्या मार्गाने होत नसावा असे दिसते. पण प्रयोगशाळेतील काही सेकंदांचा चटका आणि वर्षानुवर्षांची कंबरदुखी यांत मोठे अंतर आहे, त्यामुळे हे आकडे उचलून रुग्णाला आश्वासन म्हणून देणे योग्य नाही.

एक गैरसमज रुग्णांना फार दुखावतो. ध्यान सुचवले म्हणजे ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे डॉक्टर म्हणत आहेत, असे अनेकांना वाटते. हे दुखणे पूर्णपणे खरे असते. ते घडवणाऱ्या यंत्रणेत मेंदूचा वाटा असतो, आणि तो वाटा हाडामांसाइतकाच शरीराचा आहे.

ध्यानाकडे वळण्यापूर्वी गंभीर कारण नाही याची खात्री करणे मात्र अत्यावश्यक आहे. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरता, पायांतील ताकद झपाट्याने कमी होणे, ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात यांपैकी काही असेल तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे. तीव्र नैराश्य किंवा जुन्या मानसिक आघाताचा इतिहास असलेल्यांनी जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी, कारण शांत बसल्यावर दबलेल्या आठवणी उसळून येऊ शकतात. इतरांना बसणे जमत नसेल तर खुर्चीवर किंवा गुडघ्यांखाली उशी घेऊन आडवे पडूनही हा सराव करता येतो. मांडी घालून बसण्याची सक्ती कोठेही नाही. चालणे आणि ताकदीचे व्यायाम थांबवू नयेत, आणि सुरू असलेली औषधे स्वतःच्या मनाने कमी करू नयेत.