दगड, कातडी आणि रक्त

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये जाँ-लिओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं साधारण १८९० सालचं एक तैलचित्र आहे. शिल्पकाराची कार्यशाळा. चौथऱ्यावर पाठमोरी उभी असलेली मूर्ती खाली वाकून आपल्या शिल्पकाराला, पिग्मॅलियनला, मिठीत घेते आहे. बाजूला हवेत क्युपिड, प्रेमाचा देव, धनुष्य रोखून तयार. मूर्तीची पावलं आणि पोटऱ्या अजून दगडाच्याच आहेत, पांढऱ्याफटक. नजर वर नेऊ लागलं की रंग भरत जातो आणि पाठीपाशी पोचेपर्यंत ती हाडामांसाची बाई झालेली असते.

गोष्ट रोमन कवी ओव्हिडची. सायप्रसचा पिग्मॅलियन स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि व्हीनस देवी तिच्यात प्राण घालते. ओव्हिडची मूर्ती हस्तिदंताची आहे आणि तिला नावही नाही. गॅलटीया हे नाव रूढ झालं ते अठराव्या शतकात. ओव्हिड हा चमत्कार स्पर्शातून सांगतो: उन्हात मेण मऊ व्हावं तसं अंग बोटाखाली दबू लागतं. चित्रकाराला स्पर्श कुठला? त्याच्याकडे फक्त रंग.

या चित्रात दगड नेमका कुठे संपतो ते शोधायला गेलं तर सापडत नाही. जेरोमचा हात कसलेला होताच, पण पदार्थविज्ञानाचीही त्याला साथ होती. संगमरवर आणि माणसाची त्वचा उजेडाला जवळजवळ सारखंच वागवतात.

घरी देवघरात संगमरवराची लहान मूर्ती असेल तर रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च तिच्या कानाला किंवा बोटांना टेकवून बघा. पातळ भाग आतून उजळतो. संगमरवर म्हणजे कॅल्साइट या खनिजाचे एकमेकांना घट्ट चिकटलेले स्फटिक. शेजारशेजारच्या स्फटिकांची दिशा वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक सीमेवर प्रकाशाची वाट थोडी बदलते. आत शिरलेला किरण असा धक्के खात भटकतो आणि शिरला त्यापासून जरा दूर कुठेतरी बाहेर पडतो. सावल्यांच्या कडा विरघळतात, पृष्ठभाग मऊ भासतो. प्लास्टरमध्ये प्रकाश इतका खोल जातच नाही, म्हणून तोच चेहरा प्लास्टरमध्ये खडूसारखा कोरडा दिसतो.

आता टॉर्च स्वतःच्या बोटाला लावा. इथेही उजेड आत शिरून भटकतो, पण बाहेर येतो तो लालभडक. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश गिळून टाकतं, लाल बराचसा सोडून देतं. २००१ साली हेन्रिक वान येन्सेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर असे पदार्थ हुबेहूब रंगवण्यासाठी दूध, बटाटा, संगमरवर, त्वचा असल्या गोष्टींची मापं घेतली. त्यांच्या त्वचेच्या एका नमुन्यात निळ्या प्रकाशाचं शोषण लालच्या सुमारे १५ पट होतं. संगमरवरात ते जेमतेम साडेतीन पट, आणि तेही मुळातच नगण्य. या कामाला २००४ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याआधी संगणकी माणसं प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखी दिसायची, कारण त्यांच्यावर पडलेला उजेड वरच्यावरच परतायचा.

थोडक्यात, संगमरवरी बाईला जिवंत करायला लागतं फक्त रक्त, आणि जेरोमने तेवढंच ओतलं आहे. अर्थात ही युक्ती गोऱ्या कातडीपुरतीच. आपल्या सावळ्या त्वचेत वरच्या थरातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बराच प्रकाश आधीच अडवतं. रक्ताची लाली दिसते ती तळहातावर, नखांखाली, ओठांवर. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर हाच लाल प्रकाश बोटातून पार करून मोजतो, आणि गडद त्वचेवर तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो.

जेरोम नुसता कॅनव्हासवर थांबला नाही. वयाच्या पन्नाशीनंतर तो शिल्पकलेकडे वळला आणि चक्क संगमरवराला रंग देऊ लागला. तेव्हाच्या रसिकांना हे रुचणं कठीण होतं. प्राचीन ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र, असा पक्का समज होता. पण १८७० च्या दशकात ग्रीसमधल्या तानाग्रा इथल्या थडग्यांतून भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती निघाल्या, अंगावर रंगाचे अवशेष घेऊन. जेरोम त्यांनी भारावला. १८९३ च्या एका चित्रात त्याने अशा मूर्ती रंगवणारी ग्रीक बाई दाखवली आणि त्याला लॅटिन नाव दिलं. अर्थ असा: चित्रकला शिल्पात प्राण फुंकते.

प्राचीन शिल्पं रंगवलेली असत, हे आता यंत्रंही सांगतात. प्राचीन इजिप्तमध्ये तयार झालेला एक निळा रंग ग्रीक लोकही वापरत. त्यावर लाल उजेड टाकला की तो आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. साध्या डोळ्यांना कोऱ्या पांढऱ्या दिसणाऱ्या दगडावर कॅमेऱ्यात एखादाच कण उरला असला तरी चांदणीसारखा चमकतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या शिल्पांवर हा निळा असाच सापडला.

रक्ताकडे पुन्हा येतो, कारण ओव्हिडनेही शेवटी तिथेच हात घातला आहे. अंग मऊ लागलं तरी पिग्मॅलियनचा विश्वास बसत नाही. तो तिची नाडी बघतो आणि अंगठ्याखाली शिरा उडताना त्याला जाणवतात. परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या कुठल्याही मुलीला हे वाचून हसू येईल. नाडी अंगठ्याने बघायची नाही, हे तिला सुरुवातीलाच शिकवलेलं असतं: अंगठ्यात स्वतःचीच धमनी ठणठणत असते, आणि मोजले जातात ते आपलेच ठोके.